चूलबंद आवतन: लासूर स्टेशनजवळच्या एका गावजेवणाची गोष्ट

लोक छत्रपती संभाजीनगरला लेणी बघायला जातात. मी आजवर चारदा गेले आणि चारही वेळा लेणी राहूनच गेली. मला दगडापेक्षा माणसं बघायला आवडतात, तीही घोळक्यात. कुठे मांडव दिसला, सतरंजी अंथरलेली दिसली, माईकवर कुणी 'हॅलो, हॅलो, चेक' करताना ऐकू आलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. भंडारा असो, सप्ताह असो, सत्कार असो की कुणाच्या नातवाचं जावळ, मला सगळं चालतं. नवरा म्हणतो, हिला बोलावणं लागत नाही, लाऊडस्पीकर पुरतो. म्हणू दे बापडा.

तर जानेवारीत सुनंदाचा फोन आला. सुनंदा ही माझी कॉलेजच्या होस्टेलमधली मैत्रीण, आता संभाजीनगरच्याच एका शाळेत शिक्षिका. माहेर लासूर स्टेशनजवळच्या गावात, चांगलं मोठं शेतकरी घर. म्हणाली, "मंगल, हुरडा आलाय. रविवारी आबांचं गावजेवण हाय. येतीस का नुसती फोनवर अंगठे दाखवीत बसतीस?" आबा म्हणजे तिचे वडील. दर वर्षी ज्वारी हुरड्यात आली की ते शेतावर अख्ख्या गावाला जेवू घालतात. ना नवस, ना वाढदिवस. पीक आलं, या जेवायला. अशा कार्यक्रमाला नाही म्हणणारी मी कोण? शुक्रवारची रजा टाकली, सोमवारचीही टाकली.

नाशिकरोडहून सकाळची गाडी पकडलीत तर साडेतीन तासांत पोचता. बसायचं आरक्षण दीडशेच्या आसपास मिळतं. मनमाडला गाडी रेंगाळते तेव्हा डबा उघडायचा, पुढे विकत घेण्यासारखं फारसं काही येत नाही. गाडी लासूर स्टेशनवरूनच पुढे जाते, त्यामुळे खरं तर तिथेच उतरता आलं असतं. पण सुनंदाचा हुकूम होता, आधी शहरात ये, दोन कार्यक्रम दाखवते, मग जोडीनं गावाला जाऊ.

स्टेशनवर दोघी आल्या होत्या, सुनंदा आणि करुणा. करुणाची ओळख करून द्यायला हवी. ती सुनंदाच्याच शाळेत गणित शिकवते, आणि दोघींचं गावही एकच. वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्च्या. सुनंदाचा डबा करुणा उघडते, करुणाचा सुनंदा, आणि मग 'आज काय मीठ महागलं का' म्हणून एकमेकींच्या भाजीला नावं ठेवतात. करुणा बोलते कमी, पण बोलली की समोरच्याला उत्तर सापडत नाही. माझी बॅग उचलून म्हणाली, "तीन दिवसांसाठी आलात का बदली झाली?"

शुक्रवारी संध्याकाळी शहागंजात मुशायरा होता. क्रांती चौकातून रिक्षा केली. शहागंजाच्या तोंडाशी रिक्षावाल्यानं हात टेकले. "बाजी, आगे गाडी नै जाती. उतर के दो मिनट पैदल." मी विचारलं, मुशायरा नक्की कुठे आहे. तो म्हणाला, "भीड़ के पीछे पीछे जाओ. जिधर लोगां वाह वाह करते, उधर रुक जाओ." इतका चोख पत्ता मला पुण्यात कधी कुणी सांगितलेला नाही.

हॉल लहान, माणसं दुप्पट. चादरींवर दाटीवाटीनं बसलेली. एक कापडदुकानदार शायर उभे राहिले, सोबत हिशेबाची नव्हे तर शेरांची वही. उर्दू मला अर्धी कळते, उरलेली अर्धी शेजारची बाई कोपरानं ढोसून समजावत होती. मागच्या रांगेतले दोन मराठी आजोबा दाद देण्यात सगळ्यांच्या पुढे. एकाला विचारलं, काका, सगळं कळतं का? म्हणाले, "कळायला काय लागतंय? आमची शाळा निजामाच्या काळातली. घरात मराठी, हिशेब मोडीत आन् भांडण उर्दूत." बाहेर येऊन नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाल्ला. सुनंदाचा उपास होता, तिनं नुसता वास घेतला आणि तोंड वाकडं करून केळी खाल्ली. शहागंजात जाल तर संध्याकाळी सहानंतर आणि रिकाम्या पोटी जा, एवढंच सांगते.

शनिवारी पौर्णिमा होती. सकाळी करुणा आम्हाला तिच्या वसाहतीतल्या विहारात घेऊन गेली. पांढरे कपडे, वंदना, मग लहान मुलांची भाषणं. एक मुलगी मधेच अडकली तर आख्खं सभागृह एका सुरात तिची पुढची ओळ बोललं आणि तिची गाडी पुन्हा सुरू झाली. नंतर खीर. सुनंदाला तिथे सगळे ओळखतात. 'बाई, तुमची वाटी मोठी' म्हणून तिला दोनदा वाढलं, आणि तिनं बोटं चाटत खाल्ली. मी म्हटलं, वा, काय तुमचं शहर. करुणा म्हणाली, "शहरात सगळं सोपं असतं." मला वाटलं, नळाच्या पाण्याबद्दल बोलतेय.

दुपारी मध्यवर्ती स्थानकावरून लासूरची एस.टी. चाळीसेक किलोमीटर, सव्वा तास. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बसमध्ये बायकाच बायका आणि त्यांच्या पिशव्या. रस्ता बरा आहे, पण शेवटच्या बाकावर बसू नका, माझं ऐका. लासूर स्टेशन म्हणजे बाजाराचं गाव. कांद्याच्या गोण्या, कापसाच्या गाड्या, हमालांची आरडाओरड. तिथे कढईतून निघालेली मिरचीची भजी खाल्ली आणि पुढचे सहा किलोमीटर रिक्षानं गेलो. रिक्षात नऊ माणसं, एक शेळी. शेळी सगळ्यांत शांत.

गाव लागलं तशी करुणा वेशीपाशीच उतरली. तिचं घर गावाच्या पूर्वेला, बौद्ध वस्तीत. तिथे तिची आई मथुराबाई राहते. "संध्याकाळी चहाला या," म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेली. आम्ही सुनंदाच्या घरी पोचलो. ओट्यावर आबा बसलेले. ऐंशीच्या पुढचे, कानटोपी घातलेले, एका कानानं कमी ऐकणारे. कुठला कान कमी, ते समोरच्या माणसावर अवलंबून. सुनंदाची वहिनी आत पिठाच्या डब्यांशी झुंजत होती. उद्याचा बेत दाळबट्टी, वांग्याची भाजी, शिरा, आणि त्याआधी शेतात हुरडा.

आता आवतनाचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. आवतन म्हणजे जेवायचं बोलावणं. ते इथे घरोघरी जाऊन तोंडानंच द्यायचं असतं, पत्रिका छापलीत तरी. आणि त्याचे प्रकार असतात. 'घरटी एक' म्हटलं तर घरातलं एकच माणूस येतं. 'चूलबंद' म्हटलं तर आख्खं घर येतं, म्हातारंकोतारं, तान्हं, आलेला पाहुणा, सगळे. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. आता चुली राहिल्यात कुठे, सगळीकडे गॅस. पण 'गॅसबंद आवतन' कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये, माणसं सिलिंडर तपासायला धावतील.

मी तर या शब्दाच्या प्रेमातच पडले. चूलबंद. कुणाला तरी सांगायचं, उद्या तुझ्या घरची चूल माझ्या भरवशावर बंद ठेव. आमच्या सोसायटीत 'प्लीज कन्फर्म युवर प्रेझेन्स' म्हणून मेसेज येतो आणि चाळीसातले सहा लोक कन्फर्म करतात.

चारच्या सुमाराला सुनंदा आणि मी आवतन द्यायला निघालो. पहिली तीन-चार घरं तिनं सांगितलं, मग मीच पुढे झाले. दारात उभं राहायचं, "आबांचं चूलबंद आवतन हाय बरं का," असं मोठ्यानं म्हणायचं. घरातली बाई म्हणते, "व्हय व्हय, येतोच की." झालं. मला इतकी मजा येत होती की एका घराला मी दोनदा आवतन दिलं. मारुतीच्या देवळापाशी आलो तेव्हा सुनंदाला गुळाच्या दुकानातून फोन आला. कानाला फोन लावूनच ती मला म्हणाली, "तू हो पुढं. करुणाकडं जा, तिनं चहा ठेवला आसंल. आन् वस्तीत सांग तेवढं, घरटी एक माणूस या म्हणावं."

मी ऐकलं. शपथेवर सांगते, ऐकलं होतं. पण डोक्यात 'चूलबंद' घुमत होतं आणि पायांना चहाची घाई. घरटी एक काय, चूलबंद काय, मला वाटलं बोलण्याच्या दोन तऱ्हा.

करुणाच्या अंगणात पाच-सहा बायका तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मथुराबाई मधोमध. बारीक, काटक बाई, कपाळावर आडवी सुरकुती, हात न बघता शेंग सोलणारे. मी फाटकातूनच सुरू झाले. "राम राम मावशी. नाही, जयभीम. उद्या शेतावर यायचं सगळ्यांनी, आबांचं चूलबंद आवतन आहे, आख्ख्या वस्तीला."

शेंगा सोलणारे हात थांबले. एक बाई दुसरीकडे बघायला लागली. करुणा चहाची किटली घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली. मथुराबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "चूलबंद? आबानं सांगितलं का तुम्ही सांगायलात?"

इथे मला काहीतरी कळायला हवं होतं. थोडं कळलंही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. समोरचा प्रश्न विचारतो तेव्हा मला शांतता सोसत नाही. म्हटलं, "आबांनीच की. खास निरोप आहे."

"बरं," मथुराबाई म्हणाल्या. "मग नाय पेटवत चूल." आणि शेजारच्या पोरीला सांगितलं, जा, सगळ्या घरांत सांगून ये.

चहा मी कसा प्यायले मला आठवत नाही. परत निघाले तशी करुणा माझ्याबरोबर वस्तीच्या टोकापर्यंत आली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून जास्त भीती वाटली. "आबांनी सांगितलं नाही, हो ना?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

"मंगलताई, माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्या रानात ज्वारी काढते. हुरडा भाजायला तीच, चोळायला तीच. वस्तीला दर वर्षी घरटी एक असतं. तो एक माणूस जातो, शेवटच्या पंगतीला बसतो, येताना बाकीच्यांचं डब्यात बांधून आणतो. माझी आई आजवर तिथे पानावर बसलेली नाही. मी पण नाही. सुनंदाचा डबा मी रोज खाते, सुनंदाच्या घरी मी जेवलेली नाही." मग म्हणाली, "आम्हाला कुणाच्या जेवणाची नड नाही. आमच्या घरी पण भरपूर शिजतं. पण आता वस्तीत सांगून झालंय. उद्या तिथे जाऊन कुणी म्हणालं, तुम्हाला एकेकालाच बोलावलं होतं, तर माझ्या आईनं तोंड कुठे लपवायचं? तिनं तुमच्या शब्दावर चूल बंद केली."

मला रडू आलं. रस्त्यावर, पदरानं डोळे पुसत उभी राहिले. करुणानं समजूत काढली नाही आणि मला ते बरोबरच वाटलं.

घरी गेले आणि सुनंदाला सगळं सांगितलं. ती ओट्याच्या पायरीवर मटकन बसली. मी विचारलं, तू मला 'घरटी एक' का सांगितलंस? म्हणाली, "तशी पद्धतच हाय." मग स्वतःच म्हणाली, "मी कधी इचारच केला नाय. म्हंजे केला, पण सोडून दिला." विहारातली खीर आठवून तिचा चेहरा उतरला असावा, निदान माझा तरी उतरला होता.

वहिनी आतून बाहेर आली. तिनं ऐकलं होतं. "तीस घरं हायेत तिथं. दीडशे माणूस वाढलं. पीठ कुठून आणू?" सुनंदाचा भाऊ आला, तोही म्हणाला, पीठ पुरायचं नाय. एक चुलते आले, त्यांनीही पिठाचीच काळजी केली. अर्धा तास सगळे पिठाबद्दल बोलत होते. पिठाच्या आडून काय बोलणं चाललंय ते लहान मुलालाही कळलं असतं. चुलते शेवटी म्हणाले, "पाहुण्या बाई चुकून बोलल्या, असा निरोप धाडून द्या. त्यात काय एवढं."

आबा इतका वेळ ओट्यावरच होते. आम्ही समजत होतो त्यांचा कमी ऐकणारा कान आमच्याकडे आहे. त्यांनी मला हाक मारली. "ए पोरी, इकडं ये. मथुरानं काय इचारलं?"

"आबांनी सांगितलं का तुम्ही सांगता, असं."

"आन् तू काय म्हणलीस?"

"आबांनीच सांगितलं, म्हणाले. चुकलं माझं."

आबा कानटोपी काढून डोकं खाजवत बसले. संध्याकाळची गार हवा होती, तरी टोपी हातातच धरून. मग म्हणाले, "मला ठावकी नव्हतं आसं म्हणाया जागा नाय. दर साली ती बाई ताट न घेता जाती, मला दिसतंय की. मी म्हणायचो, कुणी काय बोलंना तर आपण कामून बोलावं?" चुलत्यांनी पुन्हा पीठ काढलं. आबा म्हणाले, "पीठ दळाया टाक. गिरणी काय बंद नाय पडली. माझ्या नावानं सबूद गेलाय, आता म्या नाय म्हणलं तर लबाड ही पोरगी नाय ठरणार, म्या ठरंन."

रविवार. हुरड्याला जाणाऱ्यांसाठी सूचना: अंगात जुने कपडे घाला, हाताला तेल लावू नका, सकाळी घरून खाऊन निघू नका. शेताच्या कडेला खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवतात, राखेत कोवळी कणसं खुपसतात, आणि भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की हिरवे गरम दाणे हातात येतात. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. मी एरवी दोन माणसांचा हुरडा खाते. त्या दिवशी एकच कणीस हातात घेऊन बसले. कणसं चोळायला मथुराबाई नव्हत्या. बाकीच्यांची चोळायची गती बघून आबा दोनदा पुटपुटले, "ह्याला चोळणं म्हणत्यात व्हय?"

बारा वाजले, साडेबारा झाले. गाव येत होतं, पंगती उठत होत्या. वस्तीतलं कुणीच नव्हतं. करुणा फोन उचलत नव्हती. मी बांधावर जाऊन जाऊन पूर्वेकडे बघून आले. वहिनी एवढी वैतागलेली, पण तीसुद्धा बट्ट्या झाकून ठेवत म्हणाली, "येतेत का नाय? एवढं रांधलंय." एक वाजता चुलते म्हणाले, आता काय येत नाहीत, उरलेलं आवरा. आबा म्हणाले, "पंगत मांडून ठिवा."

आणि मग बांधावरून माणसं दिसायला लागली. एक रांगच. पुढे मथुराबाई, धुवट नऊवारीत, डोक्यावर पदर. मागे बायका, कडेवरची पोरं, काठी टेकत येणारे म्हातारे, शहरातून सुट्टीला आलेली दोन कॉलेजची मुलं, करुणा. कुणाच्याही हातात डबा नव्हता.

आबा उठून शेताच्या तोंडाशी गेले. भाषण वगैरे काही नाही. "लई उशीर केला मथुरा," एवढंच म्हणाले.

"एवढी माणसं न्हायची, आवरायची. चूलबंद म्हणलं की येळ लागतो," मथुराबाई म्हणाल्या.

पंगत बसली. चुलते आणि आणखी चार-पाच जण 'जरा काम हाय' म्हणून निघून गेले, ते लिहायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं गोडगोड झालं. बट्ट्या आबांनी स्वतः वाढायला घेतल्या. वर दाळ ओतली, अर्धी ताटाबाहेर. सुनंदा शिरा घेऊन मागोमाग. करुणाच्या ताटापाशी आली, शिरा वाढला. करुणानं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "वांग्यात मीठ कमी आहे." सुनंदा पातेलं खाली ठेवून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. वहिनी ओरडली, शिरा गार व्हायला लागला.

मी मथुराबाईंच्या शेजारी जाऊन बसले. माफी मागायची होती. म्हटलं, मावशी, काल मी खोटं बोलले.

"ठावकं हाय," त्या बट्टी कुस्करत म्हणाल्या. "आबा कधी परगावच्या बाईच्या तोंडून निरोप धाडतंय व्हय?"

"मग चूल का बंद केलीत?"

"म्हणलं बघू तरी, आबा काय करतंय. सकाळपसून वस्तीत कुणाच्या घरातनं धूर नाय. पोरं भुकेजली. एक वाजेस्तोवर वाट बघितली, कुणी 'येऊ नका' म्हणाया येतंय का. नाय आलं कुणी. मग निघालो."

म्हणजे तिकडे त्या आमची वाट बघत होत्या आणि इकडे आम्ही त्यांची. मी दाळीत बट्टी बुडवली आणि त्या दिवसातला पहिला घास धड गिळला. दाळबट्टी, जाता जाता सांगते, उत्तम होती. मीठ खरंच कमी होतं.

हात धुऊन झाल्यावर मथुराबाई आबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. शेतात अजून पन्नासेक माणसं असतील. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आबा, एप्रिलात आमची जयंती आसती. वस्तीत जेवण आसतंय. तुमच्या घराला चूलबंद आवतन हाय."

आबांचा कान त्या वेळी चांगला चालत होता. वहिनी पातेली गोळा करता करता थांबली. आबा म्हणाले, "व्हय. येतो की." हेच उत्तर आदल्या दिवशी मी पन्नास दारांत ऐकलं होतं. पण या वेळी ते किती जड होतं ते तिथल्या प्रत्येकाला समजलं.

सोमवारी लासूर स्टेशनहूनच नाशिकची गाडी धरली. घरी आले, कपडे धुवायला टाकले. आमच्याकडे अकरा वर्षं कुसुमताई काम करतात. त्यांना मी दिवाळीला फराळाचा डबा देते, गणपतीत मोदकांचा, भरभरून, घरी न्यायला. गावजेवणाची गोष्ट तिखटमीठ लावून चार जणांना सांगून झाली, मग मला ते डबे आठवले आणि माझी मलाच लाज वाटली. कुसुमताईंना म्हटलं, रविवारी तुमच्या घरी स्वयंपाक करू नका, सगळ्यांनी आमच्याकडे या. त्या हात पुसत म्हणाल्या, "किती माणसांचा स्वैपाक आहे ताई? पोरींना पण घेऊन येते मदतीला, लवकर उरकेल." त्यांना समजावायला मला दहा मिनिटं लागली. त्या आल्या, पाहुणीसारख्या कडेला बसल्या, चमचाभर भात जास्त घेतला नाही, आणि निघताना माझी भांडी घासायला गेल्या. एका रविवारात काही होत नसतं.

परवा जयंती झाली. मला जाता आलं नाही, गुडघा सुजला होता. दुपारी चारला करुणाचा फोन आला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आबा आले होते. चालत. सुनंदाला घेऊन."

"आणि बाकीचे?"

"नाही. वहिनींनी घरी स्वयंपाक केला. सुनंदाचा दादा शेतावर गेला म्हणे. आबा पंगतीत बसले, आईला म्हणाले, मथुरा, घरची चूल काय मला बंद करता आली नाय, माझ्यापुरती बंद हाय."

मी विचारलं, आई काय म्हणाली. मला वाटलं होतं, त्या माउलीनं म्हटलं असेल, तुम्ही आलात, सगळं पावलं.

"आईनं त्यांना पोटभर वाढलं. आग्रह करून दोन जिलब्या जास्त घातल्या," करुणा म्हणाली. "ते जेवून उठले तेव्हा म्हणाली, आबा, म्या चूलबंद सांगितलं व्हतं. तुम्ही घरटी एक आलात. पुढल्या साली परत येते सांगाया."